पंधरा तासांचं विमान

प्रिय चंदन,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. बाबांना जाऊन दोन महिने झाले आणि तुझं रडगाणं अजून सुरूच आहे. परवा आत्याला फोन, काल पुंजारामकाकाला. म्हणे पोरगा असून वेळेवर पोचलो नाही, माझ्या हातून अग्नी मिळाला नाही. बस कर आता. डोकं उठलंय माझं.

दोन वर्षं बाबा अर्धांगानं पडून होते. दर शनिवारी शाळेत शिकवून झालं की अकोल्याहून एसटी धरायची, मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं यायचं, तिथून पुढं राजापेठेत घरी पोचले की आधी त्यांची चादर बदलायची, मग आंघोळ. आणि तू ऑकलंडहून व्हिडिओ कॉलवर सांगायचास, ताई, मधे बारा हजार किलोमीटर आहेत गं. जसं काही अकोला माझ्या परसात होतं.

तुला माहीत नाही, बाबा मला दर खेपेला मोबाईल काढायला लावायचे. चंदन किती दूर हाये, पाह्य बरं. एका साइटवर नागपूर ते ऑकलंड पंधरा तास दाखवायचे. तेवढं त्यांना पाठ झालं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पोरगं पंधरा तासावर हाये. मी तिथंच त्यांची नखं कापत बसलेली असायची. मी किती तासांवरून येते, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मले लागत नसंन का?

ते पंधरा तास नुसती सरळ रेघ मारून काढलेले असतात. तसं विमानच नाही. हे मला ठाऊक होतं, काकाला नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी बाबा गेले. तू फक्त मला कळवलंस, कारण ताई सगळं सांभाळते. दोनदा विमान बदलायचं आहे, सोमवारी पहाटे नागपूर, तोवर थांबा. काकानं विचारलं, पोरगं कधी येते, बर्फाची पेटी आणू का? मी तुझा मेसेज दाखवला नाही. ती साइट दाखवली, पंधरा तास, म्हणजे सकाळी नऊपर्यंत. रविवारी सकाळी नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. काका म्हणाला, तो काही येत नाही, पोरीनंच मडकं धरावं. मी धरलं. तू तेव्हा विमानात होतास. सोमवारी आलास तेव्हा तुझा मेसेज उशिरा पाहिला असं मी म्हणाले, तर तेही तुला पटलं.

तुला उशीर झालाच नव्हता. मीच कुणाला तुझी वाट पाहू दिली नाही. माफी मागायला हे लिहीत नाही. तीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा तेच करीन. पण तुझा फोन येऊन गेला की काका माझ्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, पोरी, देवानंच तुह्या हातून करवलं. ते मला सोसत नाही. पुढच्या वेळी त्याला फोन करशील तेव्हा हे तूच सांग. त्याच्यासमोर बसून माझ्यानं होत नाही.

तरीही तुझीच,
वर्षालीताई