काळा, करडा, पांढरा, जांभळा

अहो,

पोरीला घेऊन मी समोर बहिणीकडे जाते आहे. पोरीला बघायला चारला पाहुणे येतील, त्यांचा चहा तुम्हीच करा. साखर कुठे असते ते सत्तावीस वर्षांत कळलं असेल, तर.

काल ज्या कापडाने तुम्ही स्कूटर पुसलीत, ते फडकं नव्हतं. तो तिचा झेंडा, माझ्या मशीनवर शिवलेला. ज्यांना कुणाच्याच देहाची ओढ वाटत नाही, त्यांचा. अशी माणसंही जिवापाड माया करतात. पोरीने हे तुम्हाला तीनदा समजावलं, तर म्हणालात, "लग्न झालं की लागेल भूक." तुमची अक्कल पोटाच्या वर कधी चढलीच नाही.

वर म्हणे, देव असं कुणाला घडवत नाही. त्याच्याशी रोज बोलते ती मी; तुम्ही नुसता त्याचा हवाला देता.

झेंडा बादलीत भिजवलाय. जांभळ्या पट्टीवरचा तेलाचा डाग घासून काढा आणि पाहुणे यायच्या आत रस्त्याकडच्या गॅलरीत वाळत घाला. बहिणीच्या खिडकीतून आपली गॅलरी स्पष्ट दिसते. तो दिसला की आम्ही घरी येऊ.

तुमच्या पोरीची आई