खुर्चीत बोललेलं

११ नोव्हेंबर, मंगळवार

ताई म्हणाला मला! सख्खा नवरा! "ताई, जरा पाणी मिळेल का?" आणि मी मुकाट्यानं दिलं. नऊ वर्षांचा संसार आणि पदरात काय, तर ताई.

डॉक्टर म्हणतात, सौरभला बाकी सगळं आठवतंय. आई, शाळा, गाडीचा नंबर. कोथरूडच्या ज्या केंद्रात तो इंजिनिअर आहे – लोकांच्या नकोशा आठवणी पुसून देतात तिथे – ते तर इत्थंभूत. फक्त मी नाही. आणि आम्रपाली आहे! त्याच्या शेजारच्या टेबलावरची आम्रपाली. शुद्धीवर आल्या आल्या पहिला प्रश्न, "आम्रपाली कशी आहे?" छान. फारच छान.

१२ नोव्हेंबर

लग्नाचा अल्बम दाखवला. "साडी छान आहे," म्हणाला. पाहुणे म्हणतात तसं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ती आम्रपाली बया घरी आली. सौरभ खुलला – घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला. ती चहा बिनसाखरेचा घेते हेही त्यालाच आठवलं! मी दोन चमचे साखर घालून दिला. निमूट प्यायली.

मग दार लावून तिनं सगळं सांगितलं. एका बिल्डरचा स्लॅब कोसळला, माणसं मेली. ते बघणारे अकरा साक्षीदार होते. केंद्राच्या मालकानं, त्या आप्पासाहेबानं, त्यांना मोफत तपासणीच्या नावाखाली बोलावलं आणि त्यांनी पाहिलेलं पुसून टाकलं. सौरभनं आणि तिनं ती अकरा नावं हुडकली. आप्पासाहेबाला सौरभचा वास लागला आणि त्यालाच खुर्चीत बांधलं.

खुर्चीचं मला माहीत आहे, सौरभनंच पूर्वी सांगितलं होतं. बसलेल्यानं मोठ्यानं बोलायचं. जे बोलेल ते जातं. आवाज खोलीबाहेर येत नाही, काचेपलीकडच्यांना फक्त काटा दिसतो. आठवण जड असली की काटा खाली येतो. फालतू बडबड केली तर जागचा हलत नाही.

तरी सौरभला अकराही नावं पाठ आहेत! नावं विसरल्याचं सोंग आहे ते. सोमवारी दोघं पोलिस आयुक्तालयात जबाब देणार. एकट्याचं कोण खरं मानणार, म्हणून दोघं.

मी विचारलं, मशीन कोण चालवत होतं?

"मीच," म्हणाली. "काचेपलीकडून माझ्यावर पिस्तूल रोखलं होतं."

असेल. पण नावं राहिली, ती राहिली, आणि गेले ती नेमकी मी? मशीन हिच्या हातात आणि पुसली गेले मी!

जाताना पेन ड्राइव्ह दिला. "एकट्याच ऐका." तांदळाच्या डब्यात टाकला. मरू दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दहाला केंद्राच्या नंबरवर फोन केला. माझं नाव नाही सांगितलं, सौरभचंही नाही – तेवढी अक्कल शिल्लक होती. म्हटलं, आम्रपालीला ती नावं ठाऊक आहेत, सोमवारी पोलिसांत जाणार आहे. ठेवल्यावर बरं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

तोच दिवस, संध्याकाळ



फोननंतर डबा उघडला. म्हटलं, ऐकू तरी यांचं प्रेम. तर सौरभचा आवाज – खुर्चीतला. चाळीस मिनिटं, आणि सगळी मीच! लग्नात बुद्धवंदनेच्या आधीच पांढऱ्या साडीवर मी सरबत सांडलं ते. पोळी करपली की मी तव्याला शिव्या देते ते. आमचं न जगलेलं बाळ. मध्येच विचारतो, "काटा पडतोय ना?" आम्रपाली रडतेय. म्हणते, "दुसरं काहीतरी बोल, सौरभ. तिला तरी ठेव."

"दुसऱ्या कशानं पडणार नाही गं," म्हणाला. आणि पुन्हा माझ्यावर सुरू.

मी काय करून बसले!

सौरभला फोनचं सांगितलं. त्यानं लगेच पोलिसांना कळवलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसला. कर्वेनगरला आम्रपालीच्या घराशी पोचलो तेव्हा दोघं जण तिला गाडीत कोंबत होते. मी स्कूटर त्यांच्या मागे घातली. सिग्नल तोडला, फुटपाथवर चढवली. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "रस्ता खालून आहे." कर्वे पुतळ्यापाशी बस आडवी आली आणि गाडी सुटली. कोंडीत अर्धा तास गेला. केंद्राचं दार आतून बंद. सौरभला मागचा जिना माहीत होता. वर एकानं त्याला भिंतीवर आपटलं. मी आग विझवायचा सिलिंडर उचलला आणि त्या गुंडाच्या तोंडावर फवारला, मग तोच डोक्यात घातला. धावत जाऊन मेन स्विच ओढला.

उशीर झाला होता. आम्रपाली खुर्चीत बेशुद्ध. काटा तळाला. पोलिस जिन्यावर आले तरी आप्पासाहेब काचेपाशी निवांत उभा. त्याचं काम झालं होतं.

तिच्याकडची नावं गेली. सौरभ एकटा पडला. माझ्या जळफळाटापायी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आम्रपालीला पोलिसांनी थेट हॉस्पिटलातून आणलं. दोघांचे जबाब वेगवेगळ्या खोल्यांत घेतले. आम्रपालीनं अकराच्या अकरा नावं घडाघडा सांगितली. सौरभशी एकूण एक जुळली. आप्पासाहेब आत.

म्हणजे खुर्चीत तीही दुसरंच काही बोलली होती.

बाहेर आली. मला ओळखलं, हसली. मग सौरभकडे जरा बघत राहिली आणि मला हळूच विचारलं, "हे तुमचे मिस्टर का?"