नीलच्या यादीत नसलेलं दुकान

शनिवार, ४ फेब्रुवारी २००६. लीड्स

बॅग भरली. थर्मल दोन जोड, शशींचे जाड मोजे, चकल्या आणि गोडा मसाला — तीन किलो! एकट्या मुलाला तीन किलो. दर दोन महिन्यांनी त्याचा फोन: "आई, मसाला संपला." शशी, त्याचे बाबा, म्हणतात, वाया घालवत असेल. मला माहीत आहे. चोवीस वर्षांचा मुलगा साप्पोरोत रोज आमटी करून खातो, म्हणजे त्याला घरी यायचं आहे.

कॉलेजचं पत्र वेगळ्या कप्प्यात. मेडिसिनची चार वर्षं झाल्यावर नीलने एक वर्ष सुट्टी घेतली, जपानमध्ये इंग्रजी शिकवायला. त्याची दोन वर्षं होत आली. परत येतो अशी सही महिनाअखेर पोचली नाही, तर त्याची जागा गेली.

शशी सर्जन आहेत, थोडक्यात बोलतात. "भांडू नकोस. सही घेऊन ये."

भांडायची वेळच येणार नाही.

सोमवार, ६ फेब्रुवारी. साप्पोरो

रस्त्याच्या कडेला माझ्या डोक्यापेक्षा उंच बर्फ. नील विमानतळावर आला होता. हडकला आहे. हसतो मात्र पूर्वीसारखा.

हॉटेलवर पोचल्याबरोबर हातात यादी दिली. टाइप केलेली, दोन पानं. काय बघायचं, कुठे खायचं, किती वाजता. खायच्याच जागा अकरा.

"दिवसा मला शाळा आहे, आई. तू हा सगळा कर. संध्याकाळी मी येतो."

"आणि तुझी खोली कधी दाखवणार?"

"छोटा आहे. Nothing to see."

मंगळवार, ७ फेब्रुवारी

ओदोरी पार्क. बर्फाचा राजवाडा, तीन मजली, खिडक्यांच्या चौकटींसकट. आठवड्याभरात पाडून टाकणार म्हणे. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला ते आवडलं.

घड्याळाचा मनोरा: लीड्सच्या टाउन हॉलपुढे खेळणं.

दुपारी गल्लीतलं रामेन. सूपवर मका आणि लोण्याचा तुकडा. कल्पना वाईट, चव उत्तम. वाटी उचलून तळापर्यंत प्यायले. सगळेच पितात.

इथल्या बायका बर्फावर छोटी, सपाट पावलं टाकतात. मीही शिकले. एकदाही पडले नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

ट्रेनने ओतारू. कालव्याकाठी बर्फात मेणबत्त्या. पत्राचा विषय अजून काढला नाही. घाई नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, साप्पोरोला येऊन सूप करी खाल्ली नाही? यादी पाहिली. नव्हती. नीलला फोन केला.

"ते नको आई. Tourist stuff. तुला नाही आवडणार."

टूरिस्ट नाही तर मी कोण आहे? मुलीने नकाशावर फुली मारून दिली. गर्दीचं दुकान आहे, चव वेगळी आहे, म्हणाली.

बाहेर बर्फात नऊ माणसं उभी. मी दहावी. आत आठ खुर्च्या. वाडग्यात पातळ रस्सा, कोंबडीची अख्खी तंगडी, मोठाली गाजरं. पहिला चमचा.

दगडफूल. भाजलेलं खोबरं. मी भाजलेलं.

चमचा खाली ठेवला. परत उचलला. पुन्हा तेच!

काउंटरपलीकडे डोक्याला टॉवेल बांधलेला स्वयंपाकी पाठमोरा. पाठीवरूनच ओळखलं.

"मीठ कमी आहे," मी मराठीत म्हटलं.

तो वळला. एक बशी पडली. दुकानातले सगळे जपानीत काहीतरी म्हणाले.

"आई..."

"आणि मसाला उकळीत टाकतोस. वास उडून जातो. गॅस बंद करताना टाकायचा."

"I was going to tell you."

"कधी? चौथा किलो मागताना?"

शुक्रवार, १० फेब्रुवारी

दुपारी दुकान बंद असताना बोललो. शाळा त्याने जुलैमध्येच सोडली. मालकीण कुदो-सान, सत्तरीची. तिचा मुलगा टोकियोत बँकेत, इकडे फिरकत नाही. आमच्या बोलण्यातलं तिला अक्षर कळत नव्हतं, पण शेजारी बसून लसूण सोलत राहिली.

पत्र काउंटरवर ठेवलं. नीलने हात पुसले, वाचलं, घडी घालून परत दिलं.

"मी good होतो, आई. मार्क्स बघ. पण सकाळी उठायचा वाटायचं नाही. इथे पाचला उठतो."

"बाबांना सांग."

"तू सांग ना."

"मी का?"

"तुझ्यावर ते ओरडत नाहीत."

खरं आहे. मी मराठीत एम. ए. केलं, शाळेच्या लायब्ररीत तेवीस वर्षं काढली, आणि माझ्याच मुलाचा फोन मला वाचता आला नाही. त्याला घर नव्हतं हवं. माल हवा होता.

राग आला. मग वाडगं पुढे आलं. आज मीठ बरोबर होतं. मसालाही शेवटी टाकला होता. दोन वाडगी खाल्ली.

कुदो-सान माझ्याकडे बघून काही बोलली. नील लाल झाला. दोनदा विचारल्यावर सांगितलं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

शशींना फोन केला. नील येत नाही, म्हटलं. ते म्हणाले: "बरं. तू सोमवारी किती वाजता उतरतेस?"

नाही उतरत, म्हटलं. कुदो-सान काल तेच म्हणाली होती: तिला दोन हात कमी पडतात. उद्या आठला कांदे.