कावळा कोणाच्या बोलण्यावर उतरला?

१० फेब्रुवारी १९७१, बुधवार

शिवला एकदाचा कावळा! पण कोणाच्या बोलण्यावर, यावरून प्रवरासंगमाच्या घाटावर मारामारी व्हायची तेवढी राहिली.

शेजारचे रंगनाथतात्या जाऊन आज दहावा. पिंड मांडले आणि कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले — रुसलेल्या व्याह्यांसारखे! गुरुजी म्हणाले, मयताची काहीतरी इच्छा राहिलीय, ओळखून बोला. मग सगळे सुरू झाले. मुलगा गोरक्षनाथ म्हणाला, "तात्या, म्हशीला अंतर देनार न्हाई!" कावळे ढिम्म. वस्तीवरची लंकाबाई म्हणाली, "तुमच्या तंबाखूच्या चंचीला कुनाला हात लावू देनार न्हाई!" ढिम्म. पोलीस पाटील बन्सीकाका म्हणाले, "बांधाचा वाद मिटिवतो!" हे ते तात्या जिवंत असताना बारा वर्षं म्हणत होते, कावळ्याला काय पटणार?

दीड तास उन्हात. मी कंटाळून आपली पुटपुटले, "तात्या, तुमची बाटली मी कोनाड्यात परत ठेवलीय हं. सांगायचं राहिलं." तेवढ्यात बन्सीकाका ओरडले, "तुमाला कुनी मारलं त्ये हुडकून काढतो!"

आणि कावळा धपकन खाली!

मग सगळ्यांनी वळून चांगुणावहिनीकडे पाहिलं.

११ फेब्रुवारी

चांगुणावहिनी म्हणजे गोरक्षनाथची बायको, तात्यांची सून. आणि माझी या वस्तीवरची एकुलती एक मैत्रीण. तात्यांना आंघोळ घालताना तोंडाला एंड्रिनचा वास आला, असं लंकाबाई दहा दिवस घरोघर सांगत होती. पिकावर मारायचं ते विष तात्यांच्याच गोठ्यात असतं. त्या रात्रीची भाकरी वहिनीने वाढलेली. आदल्या दिवशी रेडिओवरून दोघांचं भांडणही झालेलं. भांडण म्हणजे काय, वहिनी बोलली आणि तात्या खोकले. आता कावळ्यानेच साक्ष दिली म्हटल्यावर बोलायलाच नको! बन्सीकाकांनी फौजदारांना कळवलंय. सोमवारी जीप येणार.

वहिनी चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "मने, मला नेलं तर म्हस कुनाला पान्हवल गं?" मला रडूच आलं. तिथेच ठरवलं — खरा मारेकरी मी शोधणार. अकरावीची परीक्षा महिन्यावर आलीय, पण चाळीस रहस्यकथा वाचून झाल्यात माझ्या. भूमिती एकदाही नाही.

अडचण एकच. गोष्टीत खोली आतून बंद असते. आमची वस्ती शिंगणापूरला लागून, त्यामुळे इथेही शनिदेवाच्या भरवशावर कोणाच्याच घराला दार नाही. चौकट आहे, दार नाही. घरात कोणी असो नसो, लोक जातात, विळा नेतात, ताक ठेवतात, मागून आणलेलं परत ठेवून येतात. म्हणजे संशयित अख्खी वस्ती!

१२ फेब्रुवारी

तात्या आले!!

भर दुपारी बाराला. मी पडवीत शास्त्राच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक घालून अभ्यास करत होते. ओळखीचा खोकला ऐकू आला. वर पाहते तर तात्या चौकटीत उभे. तेच धोतर, तोच फेटा. भुतं रात्री येतात म्हणे. पण तात्यांना मोतीबिंदू, रात्री त्यांना काही दिसायचं नाही. मेल्यावरही डोळे तेच राहत असावेत.

पुस्तक मिटून विचारलं, "तात्या, कुनी मारलं तुमाला?"

त्यांनी बोट माझ्याकडे केलं.

म्हणजे तूच शोध! ऊर भरून आला माझा. एवढ्या वस्तीत माझ्यावरच विश्वास! म्हटलं, "व्हय तात्या. सोडते का काय मी?" त्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. तंबाखू हवी असणार. आईच्या मिश्रीची डबी पुढे सरकवली, तर गेलेच.

१३ फेब्रुवारी, शनिवार

तेरावं. बन्सीकाकांनी लापशी तीनदा घेतली. ज्याने विष घातलं तो त्या घरचं असं हाणणार नाही. बन्सीकाका यादीतून खोडले.

लंकाबाईची उलटतपासणी घेतली. तात्या गेले त्या दिवशी तू कुठे होतीस?

"त्यांच्याच घरी. चुलीला इस्तू आनाया गेल्ते. तू बी आल्तीस की, पुस्तकात डोकं खुपसून!"

विचारलं तिच्याबद्दल, बोलते माझ्याबद्दल! नावापुढे फुली मारली.

१४ फेब्रुवारी

पुरावा मिळाला!!! तात्यांच्या कोनाड्यात दोन बाटल्या. दोन्ही तपकिरी, दोन्हींना चिंधीचं बूच. उजवीकडची खोकल्याची. डावीकडची अर्धी, आणि हुंगली तर एंड्रिन! सुतकात कोनाड्याला कोणी हातच लावला नव्हता.

वहिनी म्हणाली, खोकल्याची बाटली कायम डावीकडे असायची. तात्यांना दिसत नव्हतं, ते जागेवरून वस्तू ओळखायचे. रात्री खोकला आला की डावीकडे हात घालायचा, एक घोट घ्यायचा, झोपायचं. म्हणजे कोणीतरी खोकल्याची बाटली उजवीकडे सारून विषाची डावीकडे ठेवली. काय पाताळयंत्री माणूस असेल!

बाटली ओच्यात लपवून घरी आणली. वाटेत तात्या. पुन्हा बोट माझ्याकडे, या वेळी चांगलं दोनदा. शाबासकी! उद्या फौजदारांसमोर बाटली ठेवणार आणि वहिनीला सोडवणार. आज झोप कसली येतेय.

१५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आईला बाटली दाखवली. तिने बूच हुंगलं. "मने, ही तर वांग्यांवर माराया आपन तात्यांकडून आनलेली. तुला म्हनले हुते ना, जाऊन गोठ्यात ठिवून ये?"

म्हणाली असेल. मी शेवटच्या पानावर होते.

कोनाड्यात जागा नव्हती म्हणून दुसरी बाटली जरा सरकवली होती, हे आत्ता आठवतंय. कावळा माझ्याच बोलण्यावर उतरला होता.

चावडीपुढे जीप आलीय. वहिनीला नेताहेत. आई म्हणतेय, "गप ऱ्हा. कुनाला बी ठावं न्हाई." मला फार भीती वाटतेय. घराला दार असतं तर आईने आज कडी घातली असती. दार नाही. चौकटीत फक्त तात्या उभे आहेत. मी बाटली उचलली, तसे ते बाजूला सरकले.