बुंध्याभोवतीचं सिमेंट

भावजी,

सोसायटीच्या फाटकाजवळचं झाड जगवल्याबद्दल तुमचा सत्कार झाला, अभिनंदन. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आणि मी उन्हाळाभर बादल्या वाहत होतो, तेव्हा तुम्ही गॅलरीतून म्हणायचात, "वहिनी, निवृत्तीनंतर बरा उद्योग सापडला."

फोटो चांगला यावा म्हणून तुम्ही बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलंत आणि वर स्वतःच्या नावाची फरशी बसवलीत. आता मुळांशी थेंबभर पाणी जात नाही. पानं गळताहेत. इस्त्रीवाली म्हणते, "बाई, गळा आवळून वर हार घातलाय."

उद्या सकाळी आम्ही दोघी पहारीनं ते सिमेंट फोडणार आहोत. सुरुवात तुमच्या फरशीपासून.

हे पत्र मात्र पाठवत नाही. तुम्ही मीटिंग बोलवाल, आणि झाडाला तेवढी सवड नाही.

तुमची,
बादलीवाली वहिनी