राखीव डेटाचा चोर

९ जून, सोमवार
आजपासून चिडायचं नाही. शुक्रवारी रिव्ह्यू. तो नीट झाला की विमानाच्या पंखांच्या या प्रोजेक्टचा प्रमुख मीच. तयारी चोख. फोर्ट्रान प्रोग्रॅममध्ये डेटाची दोन हँडल्स, म्हणजे डेटा पकडायची नावं, केलीत, ‘मूळ’ आणि ‘राखीव’. खेळ करायचे ते मूळवर. राखीवला हात लावायचा नाही.

१० जून
चिडलो. मूळमधला एक आकडा बदलला, तर राखीवमधलाही बदललेला! मी हात लावला नव्हता. म्हणजे कुणीतरी लावला. शेजारच्या टेबलावरचा रविकिरण, पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूचा मराठी, म्हणाला की दोन्ही हँडल्स एकाच डेटाला धरून असतील, स्वल्प (त्याचं कानडी ‘जरा’) ‘असोसिएटेड’ लावून बघा की अण्णा, दोन्ही एकच का ते कळेल, एका ओळीचं काम. अठरा वर्षं फोर्ट्रान लिहितोय मी. हा मला शिकवणार!

११ जून
टेस्ट केली, पण माझ्या पद्धतीनं. दोन्हींतले सगळे आकडे ताडून पाहिले. शेवटच्या दशांशापर्यंत सारखे! चोरानं किती काळजीपूर्वक कॉपी केलंय. इतकं नीटनेटकं काम आमच्याकडे रविकिरणच करतो. पासवर्ड बदलला.

११ जून, संध्याकाळ
तरी तेच. हलकट! आमच्या विभागप्रमुख पद्मावती मॅडमना मेल टाकला. दोषी सापडताच त्याला प्रोजेक्टवरून काढा, असं स्पष्ट लिहिलं. सगळ्यांना सीसी. घरी हेमलता म्हणाली, आधी त्याची ती ओळ तरी चालवून बघायचीत. सख्ख्या बायकोनं त्याची बाजू घ्यावी! रागानं जेवलो नाही. मग जेवलो, भरली वांगी होती.

१२ जून
येलहंक्यापासून ऑफिसपर्यंत बसमध्ये उभा. विचार पक्का झाला. उद्या सगळ्यांसमोर मूळ पुसून टाकणार. चोराला कॉपी करायला काही उरणारच नाही, आणि राखीव शाबूत दिसेल. बघू मग कुणाचं तोंड उतरतं.

१३ जून, शुक्रवार
मूळ पुसलं. राखीव उघडायला गेलो तर प्रोग्रॅमच कोसळला. मॅडमनी राखीव जिथे तयार होतं ती ओळ दाखवायला सांगितली. मी डेटाची प्रत केलीच नव्हती. त्याच डेटाला दुसरं हँडल जोडलं होतं. मग प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून रविकिरणची ती ओळ मॅडमनीच टाइप केली. उत्तर आलं, ट्रू. म्हणजे दोन्ही एकच. रविकिरणनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. त्याचाच जास्त राग आला.

१६ जून
मॅडमचं उत्तर आलं. सगळ्यांना सीसी. प्रमुख रविकिरण. माझी मागणीही शब्दशः मान्य झाली आहे. टेबल आवरतोय.