धांड्याचा चष्मा

अचलपूरच्या दादाले अकोल्याहून पार्बताचा नमस्कार.

आज सुनेनं मले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डावा डोळा पार धुंधला झाला, उजवा साफ आहे. डॉक्टर म्हणे, "एकाच डोळ्यात इतका मोतीबिंदू? लहानपणी मार लागला होता काय?"

तोंडातून निंगालं, "बैलाच्या शेपटीचा फटका बसला होता." मायले हेच सांगाले तूच लावलं होतं. तिनं त्या बिचाऱ्या बैलाले किती शिव्या देल्या होत्या.

डॉक्टरनं बुबुळावरचा जुना वण दाखवला. म्हणे, शेपटीनं असं होत नाही. मंग सुनेले पाणी आणाले धाडलं अन् खरं सांगतलं. ज्वारीच्या धांड्याचा चष्मा मले घालून देताना त्याची काडी सटकून डोळ्यात गेली होती. घालून कोण देत होतं, ते त्यानं विचारलं नाही, मी सांगतलं नाही.

दादा, डोळा लाल झाला तरी तो चष्मा मी दिवसभर उतरवला नाही. तू केला होता ना.

हे पत्र धाडत नाही, तू रडशीन. ऑपरेशननंतर काळा चष्मा लागते म्हणे. फोनवर एवढंच सांगीन, तो तू घेऊन येजो.

तुही,
पार्बता